सळईबाईंस अनावृत पत्र

वज्रचूडेमंडित सौभाग्यवती सळईबाई, मुक्काम ट्रॉलीचा हूक, मौजे नवलाख उंबरे, तालुका मावळ, जिल्हा पुणे, यांस कृतानेक नमस्कार, विनंती विशेष.

आपल्यासारख्या पदस्थ व्यक्तीस खाजगी पत्र लिहिणे अधिक शिष्टाचाराचे झाले असते. परंतु आपल्या कारभाराची फळे खाजगी नसून ती आपल्या मागून रस्त्याने येणाऱ्या समस्त प्रजाजनांना भोगावयाची असल्यामुळे हे पत्र उघड्यावर लिहिणे मला प्राप्त झाले आहे. आपण मूळच्या बांधकामावरच्या. एका भातकापणीच्या घाईत ट्रॉलीची अस्सल पोलादी पिन पेंढ्यात कोठेशी गहाळ झाली, तेव्हा मालकांनी शेजारच्या अर्धवट घरावरून आपल्याला उचलले, एक टोक दगडावर धरून हातोड्याने वाकविले, आणि "आजच्या दिवसापुरते चालेल" एवढ्या तोंडी हुकमावर आपल्याला त्या पिनेच्या जागी रुजू करून घेतले. तो दिवस मावळात उगवला खरा. पण चार पावसाळे उलटून गेले तरी तो अद्याप मावळलेला नाही.

हंगामी नेमणुकीवर येऊन तहहयात अंमल गाजविणाऱ्यांची परंपरा आमच्याकडे थोर आहे, आणि तीत आपले स्थान फार वरचे आहे, हे मी निःसंकोचपणे मान्य करतो. आपल्या कारकिर्दीत या ट्रॉलीने काय वाहिले नाही? वडगाव मावळच्या संशोधन केंद्रातून १९८७ साली बाहेर पडलेल्या आणि आज मावळची ओळख होऊन बसलेल्या इंद्रायणी भाताची पोती वाहिली, कासारसाई-दारुंब्र्याच्या कारखान्याकडे ऊस वाहिला, विटा वाहिल्या, खडी वाहिली, उन्हाळ्यात पाण्याची टाकी आणि लग्नसराईत मांडवाचे सामान वाहिले, इतकेच नव्हे तर भाद्रपदात प्रत्यक्ष विघ्नहर्त्यालाही तिने मिरविले. आणि विघ्नहर्ता त्या दिवशी ट्रॉलीवरच बसलेला असल्यामुळे विघ्नाचा प्रश्न परस्पर मिटला. ज्या वाणाच्या शुद्धतेसाठी शास्त्रज्ञांनी वर्षानुवर्षे लोंब्या निवडल्या, तो वाण गिरणीपर्यंत पोचविण्याची अखेरची जबाबदारी मात्र कोणाच्याही निवडीवाचून आपल्याकडे आली, यात आपल्या भाग्याचा उत्कर्ष दिसून येतो.

बरे, हा सगळा प्रवास निर्मनुष्य माळावरून व्हावा, तर तसेही नाही. गावाच्या शिवारात औद्योगिक वसाहत आली, फुलांची हरितगृहे आली, आणि आंबीवरून इंद्रायणी ओलांडून तळेगावकडे जाणाऱ्या वाटेवर बैलगाडीच्या मागे चाळीस फुटी कंटेनर आणि कंटेनरच्या मागे पाळी संपवून घरी निघालेले दुचाकीस्वार, अशी युगायुगांची रांग रोज लागू लागली. या रांगेत ट्रॉलीच्या पाठोपाठ चालणाऱ्यांपैकी मी एक. माझ्या पुढे दोन वाहने चालतात असे मी डोळ्यांनी पाहतो, आणि १९८८ चा मोटार वाहन कायदाही ट्रेलरला स्वतंत्र वाहन मानून त्याची वेगळी नोंदणी सांगतो. म्हणजे ओढणाऱ्याचे दप्तर सरकारदरबारी आहे, ओढल्या जाणाऱ्याचेही आहे. केवळ ज्या वस्तूमुळे ही दोन वाहने एका दिशेने आणि एका वेगाने जातात, त्या आपली दाद ना फिर्याद, ना क्रमांक ना दाखला. एवढ्या अधिकाराचे पद इतक्या निनावीपणे भूषविणारी दुसरी व्यक्ती माझ्या पाहण्यात नाही.

तथापि आपल्याविषयी काही मत्सरी लोकांनी कुरबुर केल्यावरून आपल्या कारभाराची चौकशी करणे भाग पडले. रस्त्यालगतच्या एका वेल्डिंगच्या दुकानात, ट्रॉली रिकामी करून, चाकांना दगडाची उटी देऊन आणि दांडा टेकणीवर ठेवून ही चौकशी पार पडली. प्रथम चिखल आणि काळे पडलेले वंगण रॉकेलने धुऊन काढण्यात आले; कारण चिखलाखाली सर्व लोखंड सारखेच निर्दोष दिसते, आणि पुष्कळांची अब्रू अशा लेपाखालीच शाबूत राहते. लेप निघाल्यावर जे दिसले त्याचा पंचनामा येणेप्रमाणे: हुकाच्या वरच्या आणि खालच्या पट्टीतील भोके जी मुळात गोल होती, ती ओढीच्या दिशेने लांबट झाली आहेत, दांड्याच्या कडीचा जो भाग ओढ सोसतो तो आतून झिजून निम्म्यावर आला आहे, आणि कडी जेथे दांड्याला वितळवून जोडली आहे, तेथे सांध्याच्या काठाकाठाने गंजाची एक तांबूस रेघ उमटली आहे. अनुभवी कारागीर अशी रेघ पाहिली की बोलणे थांबवतो आणि हातोडीने टिचकी मारून नाद ऐकतो. कारण पाणी जेथून आत शिरते तेथेच असा गंज झिरपतो, आणि पाणी शिरते ते तड्यातून. खुद्द आपण मध्यभागी कमरेशी झिजून वाकलेल्या आढळलात. वयोमानाने तसे व्हायचेच. परंतु झिजताना आपण एकट्या झिजला नाहीत, पट्ट्या आणि कडी यांनाही बरोबर घेऊन झिजलात. भोक मोठे आणि पिन बारीक असली म्हणजे ट्रॅक्टर सुटताना एक आणि थांबताना दुसरा असे दोन तडाखे बसतात, आणि उखळातल्या मुसळाप्रमाणे आपण दिवसभर आत आदळत राहता. प्रत्येक तडाखा भोक रुंदावतो, आणि रुंदावलेले भोक पुढचा तडाखा अधिक जोराचा करते.

आपल्या समर्थनार्थ मालकांनी जी कैफियत दिली, तिचा सारांश इतकाच होता की, "आजवर काही झालेले नाही." ही कैफियत मी आदराने वाचली. मात्र लोखंडाच्या दरबारात जुन्या निर्दोषपणाला सनद म्हणून किंमत नाही, ही अडचण आहे. हुकाच्या दोन पट्ट्यांच्या मधून ओढ घेणाऱ्या पिनेला दोन ठिकाणी कापले जाण्याचा धाक असतो, आणि तिचे बळ तिच्या जाडीवर नव्हे तर जाडीच्या वर्गावर अवलंबून असते. म्हणून ३२ मिलिमीटरच्या पिनेऐवजी १६ मिलिमीटरची सळई घातली तर बळ निम्मे उरत नाही, चौथाई उरते. इतर तीन हिस्से कोठे गेले हे विचारण्याची मावळात आजवर कोणाची छाती झाली नाही. शिवाय धातू एका मोठ्या ओझ्याने मोडतो त्याहून अधिक वेळा तो हजारो लहान झटक्यांनी थकून मोडतो; तडा आतल्या आत कणाकणाने वाढतो, बाहेर कसलीही कुरकुर करीत नाही, आणि अखेरीस ज्या दिवशी तुटतो तो दिवस ओझ्याच्या दृष्टीने अगदी मामुली असतो. तेव्हा आजवर काही झालेले नाही याचा अर्थ इतकाच, की हिशेब अजून चालू आहे.

आणखी एक बाब. पिन वरून घातली की स्वतःच्या वजनाने खाली राहील, ही समजूत सपाट रस्त्यावर खरी ठरते. पण दोनचाकी ट्रॉलीत माल मागच्या बाजूस जास्त चढला, की दांड्याचे तोंड वर उचलले जाते. अशा वेळी खड्ड्यात आपटून पिन वर सरकू नये म्हणून तिच्या तळाच्या छिद्रात क्लिप असावी लागते. आपल्याला छिद्रच नाही, तर क्लिप कोठून असणार? आणि आपण निसटलात तर दांडा खाली पडून जमिनीत रुतेल, मागचा भार त्यावर कोलमडेल, अथवा चढ असेल तर सगळी ट्रॉली उलट पावली आम्हा अनुयायांच्या भेटीस येईल. ही भेट टाळण्यासाठी इतरत्र दोन साखळ्या असतात. दांड्याच्या खाली फुली मारून त्या बांधतात, म्हणजे जोड सुटलाच तर दांडा साखळ्यांच्या झोळीत पडतो, जमिनीवर नाही. आपल्या राज्यात साखळ्या दिसल्या नाहीत. आपल्यावरचा विश्वास इतका अढळ असताना जामीन घेणे मालकांना अप्रशस्त वाटले असावे.

आपल्या व्यवसायबंधूंची रीत कशी आहे, हेही माहितीसाठी कळवितो. आपल्या शेजारून जाणाऱ्या कंटेनरच्या पोटाखाली असते ती किंगपिन बहुधा दोन इंच जाडीची असते. ती ट्रकच्या पाठीवरील चकतीत शिरली की तिला जबडा धरतो, जबड्यावर अडसर पडतो, आणि जाणता चालक निघण्यापूर्वी मागच्या गाडीचे ब्रेक लावून पुढे एक हलकी ओढ देऊन खातरजमा करून घेतो. पवना धरणाच्या काठी आता तंबूंची वस्ती झाली आहे, आणि राज्य शासनाने २०२१ साली कॅरॅव्हॅन पर्यटनाचे धोरणही आणले. तेव्हा मोटारीच्या मागे जोडलेले चाकांवरचे घर या बाजूस दिसू लागले तर आश्चर्य नको. त्या घराच्या दांड्याला वाटीसारखा कपलर असतो, तो मोटारीच्या पाठीवरील गोळ्यावर बसवून वरची कळ दाबतात. पण कपलर गोळ्यावर नुसता टेकला आहे की आतल्या जिभेने त्याला खालून धरले आहे, हे वरून पाहून कळत नाही; दोन्ही प्रसंगी तो सारखाच ऐटीत बसलेला दिसतो. म्हणून कळ लावल्यावर दांड्याचा जॅक वर फिरवितात: मोटारीची पाठ बरोबर उचलली गेली तर धरले आहे, वाटी एकटी वर आली तर नुसते टेकले होते. ही परीक्षा पुष्कळ खुर्च्यांना लावून पाहण्यासारखी आहे. आपल्याला ती लावणे मात्र व्यर्थ, कारण आपण धरल्याचा दावाच कधी केलेला नाही.

आणि थोर उदाहरण हवे असेल तर ते आपल्याच तालुक्याच्या डोंगरात आहे. १८६३ साली बोरघाटातून आगगाडी चढली, तेव्हा सदतीस फुटांस एक फूट असा तो चढ होता. आजही कित्येक गाड्यांना कर्जतला पाठीशी जादा इंजिने लागतात आणि ती लोणावळ्यापर्यंत रेटा देतात. त्या मार्गाच्या कर्त्यांनी डबे जोडणाऱ्या कड्या चांगल्या केल्याच. पण एवढ्यावर न थांबता, उतारावर गाडी आवरेनाशी झाली तर तिला मुख्य मार्गावरून काढून चढणीवर नेऊन थांबविणारे फाटेही डोंगर कापून बांधून ठेवले. जोड कधीच सुटणार नाही अशी त्यांची श्रद्धा नव्हती. सुटला तर पुढे काय, याची त्यांना चिंता होती. तेवढ्या दूरदृष्टीचा आपल्या मापाचा अवतार म्हणजे त्या दोन साखळ्या होत.

मालकांना पैशाची अडचण आहे असे म्हणावे, तर ट्रॅक्टरवर गाणी वाजविण्याचा संच नवा आहे, शिंगाचा आवाज आंबीपर्यंत पोचतो, आणि ट्रॉलीच्या मागील फळीवर दोन वाघ रंगविले आहेत. दसऱ्याला ट्रॅक्टरच्या नाकाडाला झेंडूची माळ पडते, चाकांना हळदकुंकू लागते. हुकाकडे मात्र कोणी वाकत नाही, कारण तेथे ग्रीस हाताला लागते. जे दिसते त्याची पूजा आणि जे पेलते त्याची उपेक्षा, हा न्याय आपल्यापुरता नाही हे मी जाणतो. पण त्याचा भुर्दंड सहसा पूजा करणारा भरीत नाही, मागून येणारा भरतो.

सबब, चौकशीअंती खालील हुकूम देण्यात येत आहे. झिजलेल्या कडीवर पुन्हा लोखंडाचा थर चढवून तिची बोळवण करू नये. कडी कापून नवी, घडीव आणि पुऱ्या जाडीची बसवावी, आणि तड्याचा सांधा मुळापर्यंत खरवडून मगच भरावा. पट्ट्यांची लांबट भोके लेथवर गोल करून त्यांत बुश घालावेत, आणि पट्ट्या तडकल्या असतील तर त्याही बदलाव्यात. पिन दुकानातून कणखर केलेल्या पोलादाची, डोक्यास टोपी व तळास छिद्र असलेली आणावी; तिला वेल्डिंगची आच लावू नये, कारण भट्टीने दिलेले पाणी त्या आचेने उतरते. क्लिप लावावी, साखळ्या फुली मारून बांधाव्यात, वळणापुरती ढील ठेवावी, ग्रीस द्यावे. आणि ओझे भरण्यापूर्वी खाली वाकून पाहावे. या अखेरच्या कलमास खर्च काहीच नाही, आणि म्हणूनच ते अमलात येण्याची शक्यता सर्वांत कमी आहे.

आपण विद्यमान पदाचा कार्यभार तत्काळ नव्या पिनेच्या स्वाधीन करून मुक्त व्हावे. आपल्या भवितव्याची काळजी नसावी. आपला जन्म काँक्रीटमध्ये राहून ओढ सोसण्यासाठी झालेला आहे. कोणाच्या ओसरीच्या खांबात सिमेंटसह आपली प्रतिष्ठापना झाली, तर जे पद आपण आजवर केवळ उपभोगले ते कायमपण आपल्याला हक्काने लाभेल.

कळावे, लोभ असावा ही विनंती.

आपला नम्र,
ट्रॉलीमागून येणारा एक दुचाकीस्वार

ता. क. हे पत्र पुरे होता होता कळले, की मालकांनी हुकूम शिरोधार्य मानून कडी, बुश, साखळ्या आणि नवी पिन बसविली आहे. सर्व काम उत्तम झाले आहे. फक्त क्लिप दुकानात शिल्लक नव्हती, म्हणून त्या छिद्रातून बांधणीची तार ओवून पीळ दिला आहे, आजच्या दिवसापुरता. तारबाई रुजू झाल्याचे वर्तमान आपल्याला कळवून, आपल्या घराण्यात वतन कायम राहिल्याबद्दल आपले अभिनंदन करतो.