वादळानिमित्त बंद

मनोरंजन उद्यान बांधायला जागा कशी निवडावी, याचा धडा न्यू ऑर्लिन्सकडून घ्यावा. शहराच्या पूर्वेची सखल जमीन, जवळ पॉन्चरट्रेन सरोवर आणि पंपानं उपसल्याशिवाय पावसाचं पाणी बाहेर न जाणारं गाव. तिथे 2000 साली 'जॅझलँड' उघडलं. पाणी आत येऊ नये म्हणून भोवती मातीचा बांध घातला. इथे आपल्याकडच्या जलसंपदा खात्यातल्या कुणाला हसू फुटलं असेल, तर पुढचं त्याला सांगायला नको.

पुढे 'सिक्स फ्लॅग्ज' कंपनीनं महापालिकेकडून ही जागा 75 वर्षांच्या भाडेपट्ट्यानं घेतली. 29 ऑगस्ट 2005 ला कतरिना वादळ आलं. (आपला 26 जुलैचा मुंबईचा पूर होऊन जेमतेम महिना झाला होता, आपण अजून गाळच काढत होतो.) पंप बंद पडले, पावसाचं आणि सरोवराचं मचूळ पाणी आत शिरलं. मग बांधानं आपलं काम चोख केलं. आत आलेल्या पाण्याला त्यानं बाहेर जाऊ दिलं नाही. महिन्याहून अधिक काळ उद्यान चार ते सात फूट पाण्यात होतं.

रोलर कोस्टरची गाडी साखळीनं वर ओढतात. खालचा प्रवास गुरुत्वाकर्षण करतं. पुरानंतर तपासलं असतं तर गुरुत्वाकर्षण उत्तम स्थितीत आढळलं असतं. मोटारी, ब्रेक, वायरी यांचं मात्र खाऱ्या पाण्यानं भंगार केलं. 'मेगा झेफ' हा लाकडी रुळांचा कोस्टर. वाळवी आणि वादळ यांच्या भीतीनं त्याला सांगाडा पोलादी दिला होता. शहाणपणाचंच काम, पण तिसऱ्या शत्रूचा विचार कुणी केला नव्हता: फाईल.

2006 मध्ये कंपनीनं उद्यान दुरुस्तीपलीकडे गेल्याचं जाहीर केलं. महापालिकेच्या हातात पंचाहत्तर वर्षांचा करार होता. विम्याचं तर विचारूच नका. कतरिनानंतर त्या किनाऱ्यावर वर्षानुवर्षं कोर्टांत एकच प्रश्न गाजला: नुकसान वाऱ्यानं झालं की पाण्यानं? वाऱ्याची पॉलिसी वेगळी, पुराची वेगळी. वादळाला हा फरक आधी समजावून सांगायला हवा होता. 2009 मध्ये कंपनीनंच दिवाळखोरीचा अर्ज केला आणि भाडेपट्टा संपला. मग योजना आल्या. वॉटर पार्क करू, म्हणाले. (पाण्यात बुडालेल्या जागी पाण्याचंच उद्यान, खर्चात केवढी बचत!) मॉल करू, म्हणाले. दारावरची 'वादळानिमित्त बंद' ही पाटी तेवढी शब्दाला जागली.

उद्यान ओस पडलं म्हणणारे खोटं बोलतात. माणसं येईनात तेव्हा वानरं आली: 2014 च्या 'डॉन ऑफ द प्लॅनेट ऑफ द एप्स'चं काही चित्रीकरण इथलंच. त्यानंतर 'ज्युरासिक वर्ल्ड'वाल्यांनी बंद उद्यानाच्या वाहनतळावर गर्दीनं फुललेल्या उद्यानाचा सेट उभारला. शहराला दोन्ही उद्यानं मिळाली, फक्त आत जाता येईना.

याउलट न्यू जर्सीच्या सीसाइड हाइट्सचं पाहा. ऑक्टोबर 2012 मध्ये सँडी वादळात तिथला 'जेट स्टार' कोस्टर धक्क्यासकट समुद्रात गेला आणि लाटांत उभा राहिला. पर्यटक बघायला येतील, राहू द्यावा का, अशीही कुजबुज झाली. पण 14 मे 2013 ला ब्रिटनचे राजपुत्र हॅरी पाहणीला आले आणि त्याच दिवशी तो काढायला सुरुवात झाली. न्यू ऑर्लिन्सवाल्यांना राजपुत्राला बोलवायचं सुचलं नाही. त्यांचं पाडकाम 2024 मध्ये सुरू झालं.

न्यू ऑर्लिन्सचा एक कोस्टर तेवढा या सगळ्यातून सुटला. 'बॅटमॅन' उंच चौथऱ्यावर होता, म्हणून वाचला. कंपनीनं तो उचलून टेक्सासात सॅन अँटोनियोला नेला, रंग आणि नाव बदललं आणि 2008 मध्ये 'गोलायथ' म्हणून सुरू केला. हे सगळं व्हायला तीन वर्षंही पुरली, कारण त्याच्यासाठी समिती नेमलेली नव्हती.