शनी टाळावा कसा : नवख्या आईबाबांसाठी

साहित्य : एक बाळ, एक कागद, इंग्रजी मुळाक्षरं आणि किमान दोन आत्या. कॅल्क्युलेटर लागत नाही. आकड्यांची बेरीज एकेरी होईपर्यंत करत राहायची, एवढंच गणित.

पायरी पहिली. पत्रिकेतून अक्षर घ्या. अश्विनीचा पहिला चरण असेल तर ‘चू’ निघेल. ‘चू’वरून नाव सुचेना म्हणून खचू नका, कुणालाच सुचत नाही. ते नाव बारशाला कुर्रर्र करून कानात सांगा आणि विसरा. चारचौघांतलं नाव वेगळं. आपण ‘मीरा’ घेऊ.

पायरी दुसरी. नाव देवनागरीत लिहायचं नाही. देवनागरीत मीरा एकाच तऱ्हेने लिहिली जाते, मग नशिबाला शिरायला फट कुठून मिळणार? रोमन लिपीत मधे एक आय चालतो, नाहीतर दोन ई. नवग्रहांना इंग्रजी येतं, हे गृहीत धरा.

पायरी तिसरी, कोष्टक निवडणे. पायथागोरसच्या नावावर खपणाऱ्या कोष्टकात ए ते आय म्हणजे १ ते ९, जे पासून पुन्हा १. खाल्डियन म्हणवणाऱ्या कोष्टकात अक्षरांना ८ पर्यंतच आकडे. ९ कुणाच्याच वाट्याला नाही. या दुसऱ्याचा बोलबाला बऱ्याच अंशी कीरोच्या पुस्तकांमुळे. कीरो म्हणजे १८६६ साली आयर्लंडमध्ये जन्मलेले विल्यम जॉन वॉर्नर. आपले गुरू कोकणातले ब्राह्मण होते, असं त्यांनी आत्मकथनात सांगून ठेवलंय. तेव्हा माल परदेशी म्हणून नाक मुरडू नका. आता एवढे नावांचे जाणकार स्वतःचं नाव सोडून टोपणनावाने का वावरले, हे आत्यांसमोर विचारू नये.

आता बेरीज. पायथागोरसकडे आयवाली मीरा २३, म्हणजे ५, बुध. दोन ईवाली २४, म्हणजे ६, शुक्र. उत्तम. खाल्डियनकडे आयवाली सरळ ८. दोन ईवाली १७, म्हणजे पुन्हा ८. दोन्ही वाटांवर शनी महाराज बसलेले. (पायथागोरसकडे थांबलं असतं तर निभावलं असतं. पण थांबतंय कोण?)

उपाय सोपा आहे. शेवटी आणखी एक ए लावा. उच्चारात फरक शून्य, बेरीज ९, स्वामी मंगळ. मंगळाला पत्रिकेत घाबरायचं असतं, नामांकात नव्हे.

आकडा आधी ठरवून नाव त्याला बेतणं आपल्याकडे नवं नाही. कर्नाटक संगीतातल्या ७२ मेळकर्त्यांची नावं कटपयादी पद्धतीने अशीच बेतलेली आहेत. कल्याणीचा क्रमांक ६५, म्हणून तिला आधी ‘मेच’ जोडलं : म म्हणजे ५, च म्हणजे ६, उलटं वाचलं की ६५. शंकराभरणाला २९ साठी ‘धीर’ चिकटवलं. पण नावावरून रागाचा क्रमांक सापडावा, यापलीकडे त्या शास्त्रकारांची अपेक्षा नव्हती. राग परदेशी स्थायिक होईल असं कुणी म्हणालं नाही.

बाहेरच्यांचं पाहून विचलित होऊ नका. जपानमध्ये नावाच्या चित्राक्षरांत किती रेघा येतात ते मोजून भाकीत करतात, आणि एकच उच्चार अनेक अक्षरांनी लिहिता येत असल्याने तिथल्या आत्यांचीही सोय आहे. घानातले अकान लोक जन्मवारावरून नाव ठेवतात : शुक्रवारचा मुलगा कोफी, शनिवारचा क्वामे. तिथल्या एका क्वामेने, एन्क्रुमाने, १९५७ साली देश स्वतंत्र करून दाखवला. शनिवारी जन्मून, आणि शनीची शांत न करता.

आपल्या पणज्यांचा तोडगा सर्वांत स्वस्त होता. मूल जगत नसेल तर पुढच्याचं नाव दगडू, धोंडू नाहीतर केरू. असल्या नावाकडे यमाचं लक्ष जाणार नाही, हा हिशेब. त्यात बेरीज नव्हती, भीती मात्र खरी होती. ‘नकुसा’मध्ये तेवढीही माया नव्हती, मुलगी नको होती, ते तिलाच जन्मभर सांगायला लावलं. सातारा जिल्ह्यात २०११ साली अशा २८५ मुलींनी समारंभात नवी नावं घेतली. हे नाव खाल्डियन कोष्टकात घालून पाहा : एन ५, ए १, के २, यू ६, एस ३, ए १. बेरीज १८, म्हणजे ९. दोन ई आणि जादा ए लावलेल्या आपल्या मीराचीही बेरीज १८ च. कोष्टकाच्या लेखी दोघी सारख्याच भाग्यवान.

पायरी शेवटची, कागदपत्रं. महाराष्ट्रात १ मे २०२४ पासून जन्मलेल्या बाळांच्या सरकारी कागदांवर बाळाचं नाव, मग आईचं, मग वडिलांचं आणि आडनाव, असा क्रम आहे. म्हणजे पूर्ण नावाची बेरीज पुन्हा मांडा. आईचं स्पेलिंग बदलावं लागलं तर तिच्या शाळेच्या दाखल्यापासून सुरुवात करा. एवढं करून एखाद्या खिडकीवर कुणी तो जादा ए गाळलाच, तर दुरुस्तीचा अर्ज भरावा. कारणाच्या रकान्यात ‘शनी’ लिहू नये. ‘टंकलेखनातील चूक’ लिहावं.