रिंगो स्टार यांच्याविरुद्धची फिर्याद

ज्या वादाचा निकाल लागल्याने कोणास एका पैचाही लाभ होणार नाही आणि न लागल्याने कोणाची एका रात्रीचीही झोप मोडणार नाही, तोच वाद मनुष्य अधिक निष्ठेने, अधिक आवाज चढवून आणि चहाच्या अधिक फेऱ्या संपवून लढतो, असा माझा अनुभव आहे. जमिनीच्या वाटणीवरून एकमेकांचे तोंड न पाहणारे भाऊसुद्धा बहिणीच्या मुलीच्या लग्नात एका पंगतीस बसलेले मी पाहिले आहेत; परंतु १९७० साली विभक्त झालेल्या लिव्हरपूलच्या चौघा तरुणांचा कोणता अल्बम श्रेष्ठ, आणि त्या चौघांत मागे उंचावर बसून ड्रम वाजविणारा गृहस्थ खरोखर गुणी होता की केवळ नशीबवान, ह्या प्रश्नावर ज्यांचे बिनसले त्यांचा समेट झाल्याचे उदाहरण निदान आमच्या रविवारच्या मंडळात तरी अद्याप घडलेले नाही.

आमचे मंडळ लहान आहे. त्यात एक सेवानिवृत्त मामलेदार आहेत, ज्यांना आम्ही रावसाहेब म्हणतो. संस्कृतचे एक प्राध्यापक आहेत. औषधांचे दुकान मुलाच्या हवाली करून मोकळे झालेले एक केमिस्ट आहेत. आणि ज्यांचे घर, ज्यांचा रेकॉर्ड-प्लेअर आणि ज्यांच्या पत्नीची सहनशीलता ह्यांवर मंडळाचा सर्व कारभार चालतो तो मी आहे. बीटल्सच्या बाबतीत आम्हां चौघांचे पंथ चार आहेत, आणि चार हा आकडा वाढत नाही तो केवळ पाचवी खुर्ची घरात नसल्यामुळे.

केमिस्ट 'सार्जंट पेपर'पंथी. १९६७ सालच्या ह्या तबकडीने रॉक संगीतास कलेच्या दरबारात आसन मिळवून दिले, असे त्यांचे सनातन मत. त्यावर रावसाहेबांचा आक्षेप असा की, जिच्या ध्वनिमुद्रणास इतके महिने लागले की खुद्द रिंगोने त्या अवधीत बुद्धिबळ शिकून घेतले, ती कलाकृती असेल, पण तिचा कारभार चोख होता असे म्हणवत नाही. प्राध्यापक १९६८च्या पांढऱ्या वेष्टनाच्या जोडतबकडीचे अभिमानी आहेत. तिच्यात ३० गाणी आहेत, आणि त्यांतील निम्मी गाळून एकच तबकडी काढावी असे बीटल्सचे निर्माते जॉर्ज मार्टिन ह्यांचेही मत होते. गाळणीच्या ह्या तत्त्वावर आमच्या मंडळात संपूर्ण एकमत आहे; काय गाळावे एवढाच किरकोळ प्रश्न उरतो, आणि त्या किरकोळ प्रश्नापायी दोन पावसाळे खर्ची पडले आहेत. 'रेव्होल्यूशन ९' हा आठ मिनिटांहून लांब, सुरावटीवाचून चाललेला कोलाहल प्राध्यापक कदापि गाळू देत नाहीत, कारण त्यात त्यांना शब्दब्रह्माचा विवर्त दिसतो. रावसाहेबांच्या मते तो आवाज त्यांनी जमाबंदीच्या दिवसांत कचेरीत रोज ऐकला असून त्यासाठी त्यांना उलट सरकार पगार देत असे.

परंतु पंथभेदाचा कळस झाला तो केमिस्टांचे मेहुणे न्यू जर्सीहून आले त्या रविवारी. 'रबर सोल' ह्या १९६५च्या अल्बमवर बोलणे निघाले. मेहुणे म्हणाले, ह्या तबकडीचे सारे सौंदर्य तिच्या शांत, गिटारप्रधान, लोकगीताच्या अंगाने जाणाऱ्या आरंभात आहे. केमिस्ट म्हणाले, आरंभ शांत कसला, 'ड्राइव्ह माय कार' तर दार ढकलून आत शिरते. मेहुणे म्हणाले, तसले गाणे तिच्यात नाहीच मुळी. नात्याचा मान राखून जेवढे अपशब्द वापरता येतात तेवढे वापरून झाल्यावर, आणि बहिणीचा उल्लेख येण्याच्या बेतात असताना, प्राध्यापकांनी दोन्ही तबकड्यांच्या पाठी शेजारीशेजारी ठेवल्या. तेव्हा उघड झाले की ब्रिटिश तबकडीत १४ गाणी आहेत आणि अमेरिकन तबकडीत १२. अमेरिकेतल्या कंपनीने आपल्या मर्जीने चार गाणी काढून, ब्रिटिश 'हेल्प!'मधली दोन तिच्यात घातली होती. म्हणजे दोन विद्वान तासभर एकाच नावाच्या दोन निरनिराळ्या वस्तूंवर भांडत होते. काढलेल्या चार गाण्यांत 'व्हॉट गोज ऑन' हेही होते, जे रिंगोने गायिले आहे आणि ज्याच्या रचनेत लेनन आणि मॅकार्टनी ह्यांच्या जोडीला त्याचेही नाव प्रथमच लागले आहे. हा शोध लागल्यावर वाद मिटावा, अशी भोळी अपेक्षा वाचकांनी करू नये. वाद तत्काळ, ह्या दोहोंपैकी सरस कोणती, ह्या नव्या पायावर पुनः सुरू झाला.

येथून रिंगोचे प्रकरण सुरू होते. फिर्यादी अर्थातच रावसाहेब; त्यांच्या मते रिंगो स्टार, मूळ नाव रिचर्ड स्टार्की, जन्म ७ जुलै १९४०, राहणार लिव्हरपूल, हा इसम चालत्या गाडीत आयत्या वेळी चढला व सुखाने शेवटच्या स्थानकास पोचला. पहिला दाखला १९६२चा. त्या वर्षीच्या १६ ऑगस्टला पीट बेस्ट ह्या ड्रमरास बडतर्फ करून त्याच्या जागी रिंगोची नेमणूक झाली, तेव्हा लिव्हरपूलच्या जुन्या चाहत्यांनी असा दंगा केला की त्यात जॉर्ज हॅरिसनचा एक डोळा काळानिळा झाला. पुढे ४ सप्टेंबरला 'लव्ह मी डू'चे मुद्रण रिंगोच्या हातून झाले. पण ११ सप्टेंबरला स्टुडिओने अँडी व्हाइट नावाचा अनुभवी वादक बोलावून त्यास ड्रमवर बसविले आणि रिंगोच्या हाती खंजिरी दिली. "रुजू झालेल्या कारकुनाच्या खुर्चीवर आठवड्याच्या आत दुसरा इसम बसतो, आणि मूळ कारकुनास टाचण्या मोजायला सांगतात," रावसाहेब म्हणाले, "ह्याचा अर्थ कचेरीत काम केलेल्या माणसास समजावून सांगावा लागत नाही." गंमत अशी की दोन्ही मुद्रणे पुढे बाजारात आली, आणि ज्यात खंजिरी वाजते ते व्हाइटचे, ज्यात वाजत नाही ते रिंगोचे, अशी जाणत्यांची खूण आहे. आरोपीचा ठेका ओळखण्यासाठी आरोपीच्याच खंजिरीचा अभाव पुराव्यात दाखल करावा लागतो, असा खटला मुलखात दुसरा नसेल.

दुसरा साक्षीदार साक्षात जॉन लेनन. रिंगो जगातला सर्वश्रेष्ठ ड्रमर आहे काय, असे विचारता लेननने तो बीटल्समध्येही सर्वश्रेष्ठ नसल्याचे सांगितले, ही कथा जगभर सांगतात आणि रावसाहेब ती दर रविवारी सांगतात. लेननने असे म्हटल्याचे कोठेही प्रमाण नाही. त्या विनोदाचा माग १९८१ सालच्या बीबीसी रेडिओवरील एका हास्यकार्यक्रमापर्यंत लागतो, आणि १९८३त जॅस्पर कॅरट ह्या विनोदकाराने तो दूरचित्रवाणीवर सांगितला. लेननचा खून तर डिसेंबर १९८०मध्येच झाला होता. हे सारे प्राध्यापकांनी सप्रमाण मांडले. रावसाहेब क्षणभरच थबकले. "मृत्युपूर्व जबानी कायद्यात ग्राह्य आहे," ते म्हणाले, "मृत्यूनंतरच्या जबानीविषयी कायदा काही बोलत नाही. म्हणजे मनाई नाही."

तिसरा दाखला ऑगस्ट १९६८चा, आणि तो मात्र खरा आहे. पांढऱ्या अल्बमच्या मुद्रणात रिंगो रुसून निघून गेला, नट पीटर सेलर्सच्या बोटीवर सार्डिनियाच्या समुद्रात जाऊन राहिला आणि ऑक्टोपसच्या बागेवर गाणे रचू लागला. इकडे मॅकार्टनीने ड्रमवर बसून 'बॅक इन द यूएसएसआर' आणि 'डिअर प्रुडन्स' ही गाणी उरकली. रावसाहेबांच्या मते रजेवरच्या माणसाचे काम शेजारच्या टेबलावरचा माणूस करू शकतो हे सिद्ध झाले, की ती जागाच कमी करावी. ह्यावर प्राध्यापकांनी पुढची हकीकत काढली: रिंगो परतला तेव्हा त्याचे ड्रम फुलांनी मढविलेले होते. नकोशा नोकराच्या मेजावर कोणी फुले वाहत नाही. शिवाय १९६४च्या जूनमध्ये रिंगोचे टॉन्सिल सुजले आणि जिमी निकोल नावाचा बदली वादक घेऊन दौरा काढावा लागला, तेव्हा रिंगोवाचून मी येत नाही, असा हट्ट हॅरिसनने धरला होता. निकोलला काही दिवसांच्या नोकरीबद्दल पैसे आणि सोन्याचे घड्याळ मिळाले. रावसाहेबांना छत्तीस वर्षांच्या नोकरीनंतर भिंतीवरचे मिळाले होते, त्यामुळे हा मुद्दा मंडळात पुढे वाढविला जात नाही.

आता माझे मत. आपण ज्या देशात बसून हे भांडतो आहोत तेथे ठेका धरणे म्हणजे काय हे कोणास शिकवावे लागू नये. अहमदजान थिरकवाँसारखा तबल्याचा सम्राट गंधर्व नाटक मंडळीत बालगंधर्वांच्या साथीस वर्षानुवर्षे बसत असे, आणि जो हात एकल वादनात सभा जिंकू शकला असता तो हात नाट्यपदाच्या चालीमागे संयमाने चालत असे. त्यास त्या काळी कोणी कमकुवत म्हटल्याचे ऐकिवात नाही. रिंगोस थिरकवाँच्या पंक्तीस बसविण्याचे पातक मी करणार नाही. माझे म्हणणे एवढेच की साथीदाराची परीक्षा साथीवर घ्यावी. रिंगोस एकल वादनाचा मनस्वी कंटाळा. बीटल्सच्या साऱ्या अल्बमांत त्याने ते एकदाच, १९६९च्या 'ॲबी रोड'वरील 'द एंड'मध्ये, केले, आणि तेही मनधरणी झाल्यावर. तो मूळचा डावखुरा आणि बसतो उजव्या हाताच्या मांडणीवर, म्हणून गाण्याच्या दोन ओळींमधली मोकळी जागा भरताना त्याचा हात इतरांच्या अपेक्षेहून निराळ्या वाटेने फिरतो. 'अ डे इन द लाइफ'मध्ये ओळींच्या मध्ये येणारे ते घुमणारे, किंचित अडखळल्यासारखे भासणारे आघात ऐकावेत म्हणजे, न अडखळता अडखळल्याचा भास करणे किती अवघड आहे, हे कळेल. 'रेन' ह्या १९६६च्या गाण्यातले वादन तर त्यास स्वतःसही आपले सर्वोत्कृष्ट वाटते, आणि येथे आरोपीची कबुली मी बिनशर्त स्वीकारतो.

त्याच वर्षीच्या एप्रिलमध्ये 'टुमॉरो नेव्हर नोज' मुद्रित झाले. तंबोऱ्यासारखा एकच स्वर अखंड धरलेला, आणि त्याखाली रिंगोचा एकच एक आघातक्रम, आरंभापासून अखेरपर्यंत न बदलणारा. जेफ एमरिक ह्या विशीतल्या ध्वनिमुद्रकाने मोठ्या ढोलात एक लोकरी स्वेटर कोंबला आणि ध्वनिग्राहक कंपनीच्या नियमास न जुमानता ढोलाच्या अगदी जवळ नेला. तो स्वेटर चार गळ्यांचा होता, म्हणजे चौघांनी मिळून एकदम घालावयाचा. तो विणणाऱ्यास त्याचा खरा उपयोग स्वप्नातही सुचला नसेल. हे गाणे मी रावसाहेबांना डोळे मिटायला सांगून ऐकविले. गाणे संपल्यावर ते म्हणाले, "ह्यात त्याने काही वेगळे केलेच नाही." मी म्हणालो, "रावसाहेब, तीन मिनिटे काही वेगळे न करता दाखवा." त्यांनी टेबलावर बोटांनी प्रयत्न केला, विसाव्या सेकंदास त्यांनी नकळत एक तिहाई घेतली, आणि चहाचा कप बशीसह खाली आला.

फिर्यादीस खरा हादरा मात्र वेगळ्याच बाजूने बसला. 'टुमॉरो नेव्हर नोज' ज्या 'रिव्हॉल्व्हर' अल्बमचे शेवटचे गाणे, त्याच अल्बमवर हॅरिसनचे 'लव्ह यू टू' आहे, आणि त्यात तबला आहे. तो वाजविणाऱ्याचे नाव वेष्टनाच्या पाठीवर छापलेले आहे: अनिल भागवत. बाहेरच्या वादकास असा मान देण्याची त्या काळी बीटल्सची रीत नव्हती. केमिस्टांनी चष्मा सरसावून हे नाव वाचले आणि त्यांच्या चेहऱ्यावर 'सार्जंट पेपर'चे सारे रंग उतरून एक कौटुंबिक तेज आले, कारण त्यांच्या मातुःश्री माहेरच्या भागवत. प्राध्यापकांनी आडनावावरून नाते काढण्याच्या पद्धतीतील हेत्वाभास दाखविण्याचा प्रयत्न केला. कोणी ऐकले नाही. हॅरिसनने १९६८च्या जानेवारीत मुंबईस एचएमव्हीच्या स्टुडिओत येऊन आपल्याकडच्या वादकांसह 'दि इनर लाइट'चा वाद्यभाग मुद्रित केला, हेही मी सांगून पाहिले, पण ते गाणे त्या काळी कोणत्याच अल्बमवर न येता एका लहान तबकडीच्या मागच्या बाजूस गेले, तेव्हा अल्बमांच्या वादात ते कामाचे नाही, असा हुकूम झाला. त्या दिवसापासून मंडळ, निदान अल्बमांपुरते, 'रिव्हॉल्व्हर'कडे झुकले आहे, आणि ह्या क्रांतीचे श्रेय सौंदर्यशास्त्राकडे जात नाही हे मी खेदपूर्वक नमूद करतो.

रावसाहेब अद्याप पूर्ण विरघळलेले नाहीत. १९६८त ऋषिकेशला येताना रिंगोने डब्यातल्या घेवड्याची बॅग भरून आणली आणि दहाएक दिवसांत तो परत गेला, ही गोष्ट त्यांना अतिथिधर्माच्या विरुद्ध वाटते. लहानपणी पोटाच्या आजाराने तो मरता मरता वाचला होता आणि त्याला मसाला सोसत नसे, हा खुलासा त्यांनी तूर्त फाइलला लावून घेतला आहे. मात्र २०१८ साली ब्रिटिश दरबाराने रिंगोस 'सर' केले ही बातमी ऐकल्यापासून ते त्याचा उल्लेख अहोजाहोने करू लागले आहेत. सनदेपुढे त्यांचे काही चालत नाही.

तेव्हा माझ्यापुरता निकाल असा: अल्बमांत 'रिव्हॉल्व्हर', आणि रिंगो निर्दोष, खर्चासह. रावसाहेबांनी ह्यावर अपील दाखल केले असून सुनावणी पुढल्या रविवारी आहे. वाचकांपैकी कोणाच्या संग्रही १९६६ची 'पेपरबॅक रायटर'ची तबकडी असेल, तर तिच्या मागच्या बाजूस 'रेन' आहे. ती घेऊन त्यांनी अवश्य यावे. चहा मंडळाकडून मिळेल. खुर्ची मात्र आपली आपण आणावी.