सात हजार रुपये (दरमहा) यांस खुले पत्र

श्री. सात हजार रुपये,
मु. पो. विद्यावेतनाचा तक्ता, शिकाऊ उमेदवारी नियम.

सा. न. वि. वि.

सप्टेंबर २०१९ मध्ये आपली नेमणूक झाली. त्यानंतर टाळेबंदी आली नि गेली. सिलिंडर, गोडेतेल, एसटीचे तिकीट, सगळ्यांनी आपापल्या जागा सोडल्या. आपण मात्र तसूभर हलला नाहीत. आयटीआय पास झालेला फिटर किंवा वेल्डर चाकणच्या, वाळूजच्या गेटावर उभा राहिला की त्याच्या स्वागताला आपण हजर. नववीपर्यंत शिकलेल्याकडे आपले धाकटे बंधू पाच हजार जातात, दहावीवाल्याकडे सहा हजार, डिप्लोमावाल्याकडे आठ, पदवीधराकडे थोरले नऊ. दुसऱ्या वर्षी दहा टक्के वाढ मिळते म्हणे. पण आयटीआय करून आलेल्या फिटरची उमेदवारी बहुधा वर्षातच उरकते, त्यामुळे आपल्याला तेवढेही कष्ट पडत नाहीत.

आपल्याआधी त्या खुर्चीत बसणारे गृहस्थ फार चंचल होते. २०१४ च्या नियमांनी विद्यावेतन अर्धकुशल कामगाराच्या किमान वेतनाला बांधले होते: पहिल्या वर्षी ७० टक्के, दुसऱ्या वर्षी ८०, पुढे ९०. आता महाराष्ट्रात किमान वेतनातला विशेष भत्ता दर सहा महिन्यांनी बदलतो. म्हणजे महागाई वाढली की पोराच्या हातातही चार पैसे जास्त पडायचा धोका! तो दोर कापून आपल्याला आणले आणि सगळे स्थिरस्थावर झाले.

आपल्या पाठीशी कायदाही भक्कम आहे. १९६१ च्या शिकाऊ उमेदवारी अधिनियमाचे कलम १८ सांगते की शिकाऊ उमेदवार हा कामगार नव्हे. लेथने हे कलम वाचलेले नाही, त्यामुळे ती कायम कामगाराकडून आणि अप्रेंटिसकडून सारखेच काम घेते. सुपरवायझरही 'आज माल निघाला पाहिजे' असे दोघांना एकाच आवाजात सांगतो. फरक पगाराच्या दिवशी कळतो. मात्र कायदा अगदीच निष्ठुर नाही. कलम १६ प्रमाणे प्रशिक्षणात अपघात झाला तर कामगारांच्याच कायद्याने भरपाई मिळते. थोडक्यात, कामगारांच्या रांगेत यायचे तर एखादे बोट जमा करावे लागते.

मालकवर्गाला तरी आपण जड का व्हावे, हे मला कळत नाही. तीस किंवा जास्त माणसे असलेल्या आस्थापनेने अडीच टक्के तरी शिकाऊ उमेदवार घ्यायलाच हवेत. सरकारच्या प्रोत्साहन योजनेत विद्यावेतनाचा पाव हिस्सा, कमाल पंधराशे, सरकार उचलते. म्हणजे आपण कंपनीला साडेपाच हजारांत पडता. तरीही नको असाल, तर २०१४ च्या दुरुस्तीने त्याचीही सोय केली: रिकाम्या ठेवलेल्या जागेमागे पहिले तीन महिने दरमहा पाचशे रुपये दंड, नंतर हजार. कायदा पाळला तर साडेपाच हजार, मोडला तर पाचशे, फार तर हजार. हा हिशेब मांडायला कॉमर्सची पदवी लागत नाही.

आणि हो, आपल्यापेक्षा जास्त द्यायला कुणालाही बंदी नाही. काही मोठ्या कंपन्या देतातही. पण लहान शेडमध्ये आपण एकदा पाय ठेवला की आपल्यावर बोलायची कुणाची टाप नाही. यवतमाळहून आलेले पोर मग चौघांत एक खोली घेते, मेसचा डबा एकवेळचा लावते आणि महिनाअखेर घरून पैसे मागवते. म्हणजे शेतातला बाप भोसरीच्या कारखान्याला अनुदान देतो. सरकारच्या पंधराशेंची निदान नोंद तरी होते.

मे २०२५ मध्ये केंद्रीय शिकाऊ उमेदवारी परिषदेने आपल्या घराण्याला ३६ टक्के वाढ द्यावी, पाच ते नऊ हजारांचे ६,८०० ते १२,३०० करावे, अशी शिफारस केली. घाबरू नका. त्या शिफारशीतही किमान वेतनाचा जुना दोर पुन्हा बांधलेला नाही.

म्हणून एक सुचवतो. आपण सन्मानाने निवृत्त व्हा आणि जाताना त्या जुन्या सत्तर टक्क्यांना परत बोलवा. किमान वेतन हलेल तसे विद्यावेतन हलू द्या.

कळावे. लोभाचे राहू द्या, आपण वृद्धिंगत व्हावे, ही विनंती.

आपला,
एक हितचिंतक