मधले दोघे : कबड्डीची साखळी हंगामाआधी कशी पारखावी

पोळा झाला की वर्धा जिल्ह्यातल्या कॉलेजांच्या मैदानांवर दोन प्रकारची माणसे जमतात. पहिली कबड्डीचा सराव करतात. दुसरी कुंपणाला, मोटारसायकलला किंवा टपरीच्या बाकड्याला टेकून त्या सरावाचे मूल्यमापन करतात. पहिल्यांना शिकवायला क्रीडा संचालक असतात. दुसऱ्यांच्या प्रशिक्षणाची आजवर कोणीही सोय केलेली नाही, आणि तरीही संघ निवडीपासून पंचांच्या नजरेपर्यंत सर्व विषयांवरचा अंतिम शब्द त्यांचाच असतो. त्यांच्यासाठी ही मार्गदर्शिका. जिल्ह्यात कित्येक दशकांपासून दारूबंदी असल्याने सगळी पारख चहावरच करायची आहे. म्हणजे अंदाज चुकला तर सांगायला कारण उरत नाही, हे ध्यानात ठेवूनच कामाला लागावे.

पहिला नियम: चढाईपटूकडे पाहू नये. हे अवघड आहे. तो मांडीवर थाप मारतो, केस मागे सारतो, आणि गावाच्या चौकातल्या फ्लेक्सवर त्याचा फोटो आधीच लागलेला असतो. पण फ्लेक्सवर ज्याचा फोटो आहे तो अभ्यासाचा विषय होऊ शकत नाही, कारण त्याच्याबद्दल सगळ्यांचे मत ठरलेले असते. २०१८ साली जकार्ताच्या आशियाई स्पर्धेत भारताकडे अजय ठाकूर, प्रदीप नरवाल, राहुल चौधरी असे चढाईपटू होते. उपांत्य सामन्यात इराणने भारताला १८ गुणांवर रोखले आणि स्वतः २७ केले. १९९० पासून पुरुषांचे सुवर्णपदक कधी हातचे गेले नव्हते, ते गेले. त्या संध्याकाळी देशभरच्या टपऱ्यांवर चढायांचीच चर्चा झाली असणार. समोरच्या सात जणांनी एकमेकांचे हात कसे धरले होते, हे कोणी सांगितले नसेल.

तर आपण पाहायची ती साखळी. सात जणांची मांडणी सर्वांना पाठ असते असे समजले जाते, म्हणून ती कोणी विचारत नाही आणि कोणी सांगतही नाही. दोन टोकांना दोन कोपरारक्षक. त्यांच्या आत एकेक जण. त्यांच्याही आत मध्यरक्षकांची जोडी, डावा आणि उजवा, आणि दोघांमध्ये बहुधा एखादा चढाईपटू श्वास घ्यायला उभा केलेला. कोपऱ्यांना मान असतो. कोपरा घोटा धरतो, धूळ उडते, शिट्टी होते, पोट्टे नाचतात. प्रो कबड्डीच्या दहाव्या हंगामात पुणेरी पलटणने इराणच्या मोहम्मदरेझा शादलू या डाव्या कोपऱ्यासाठी २ कोटी ३५ लाख मोजले, आणि १ मार्च २०२४ ला हरियाणा स्टीलर्सला २८-२५ हरवून विजेतेपद मिळवले. त्याच संघाच्या मध्यात संकेत सावंत आणि अभिनेष नादराजन होते. टपरीवर दहा जणांना शादलूचे नाव विचारा, दहा हात वर होतील. नंतर मधल्या दोघांची नावे विचारा. एवढ्यात कोणाला तरी घरून फोन येतो.

पारख्याने उभे कुठे राहावे, हा प्रश्न महत्त्वाचा आहे. बहुतेक जण मध्यरेषेच्या बाजूला, पंचाच्या शेजारी उभे राहतात, कारण तिथे फोटो चांगला येतो. आपण संघाच्या मागे, शेवटच्या रेषेपलीकडे उभे राहावे. तिथे धूळ तोंडावर येते, बसायला जागा नसते, आणि म्हणूनच गर्दी नसते. समोरून दिसतात ते चेहरे, आणि सरावात सगळ्यांचेच चेहरे शूर असतात. मागून हात आणि टाचा दिसतात.

आधी हात पाहावेत. जोडीतले दोघे बोटांत बोटे अडकवतात की मनगट धरतात? बोटे अडकवणारी जोडी पाहायला प्रेमळ वाटते, पण धडक बसली की बोटे सुटतात, किंवा सुटत नाहीत आणि मोडतात. त्याहून महत्त्वाचे म्हणजे हात सोडतात कधी. चढाईपटू निदान रेषेच्या आत आला, बोनस रेषेकडे पाय टाकला, आणि कोपऱ्याने घोटा धरला, असे समजा. त्या क्षणापासून मध्यरक्षकाकडे फारसा वेळ नसतो. हात सोडायचा, तिरके धावायचे, आणि चढाईपटू व मध्यरेषा यांच्यामध्ये आपले अंग घालायचे. तो वेळेत पोहोचला तर ‘कोपऱ्याने काय पकड केली!’ पोहोचला नाही तर घोटा धरलेल्या कोपऱ्याला घेऊनच चढाईपटू घसरत जातो आणि मध्यरेषेला बोटाचे टोक लावतो. आणि मध्यरक्षक वेळेआधी गेला तर त्याच्यामागे जोडीदारही ओढला जातो, आणि चढाईपटू एका हाताने दोघांना टिपून परत.

इथे हिशेब समजून घ्यावा. पकडीत सातही जण घुसले तरी गुण एकच. चढाईपटू सुटला तर जितके चिकटले तितके गुण त्याचे. म्हणजे मध्यरक्षकाने जायचे की नाही हा धैर्याचा प्रश्न नसून हिशेबाचा आहे, आणि तो हिशेब धावता धावता करायचा असतो. वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्यांना याचा विशेष फायदा होतो असे मानतात. पुरावा नाही, पण वर्ध्यात हे विधान खपते.

आता वजन. आपल्याकडे खेळाडू पाहण्याची पद्धत आणि आर्वीच्या बाजारात बैल पाहण्याची पद्धत यांत फारसा फरक नाही: मागून एक फेरी, खांद्यावर थाप, आणि ‘अंगात हाये’ असा शेरा. गंमत म्हणजे आपल्या आर्वी-कारंजा-आष्टीकडचा अस्सल गवळाऊ बैल या परीक्षेत नापासच व्हायचा. तो अंगाने हलका, पायाने चपळ, आणि नाव काढले ते पळण्यासाठी. वरिष्ठ पुरुष गटात वजनाची मर्यादा ८५ किलोंची आहे, त्यामुळे ‘केवढा मोठा आहे’ या कौतुकाला नियमानेच लगाम घातला आहे. वजनापेक्षा कंबर पाहावी. चढाईपटू समोर असताना जो मध्यरक्षक कमरेत वाकून, पंजांवर उभा असतो तो कामाचा. जो ताठ उभा राहून हात हलवतो तो व्यायामशाळेत जातो एवढेच सिद्ध होते.

मैदानाची माती हिशेबात धरावी. आपली काळी कपाशीची माती ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये माणसाचा पाय जसा धरते तसा कुठलाच कोपरारक्षक धरू शकत नाही. ज्या कॉलेजने मैदानावर मुरूम टाकलेला नाही तिथे चढाईपटू आपोआप थांबतो, आपोआप पडतो, आणि साखळी त्याच्यावर जाऊन बसते. चिखलाने केलेल्या या पकडी मुलांच्या खात्यात धरू नयेत. स्पर्धा मॅटवर असते, मॅटवर बूट लागतात, आणि मातीत अनवाणी वाढलेला मध्यरक्षक पहिल्या दिवशी मॅटवर असा चालतो की जणू पायात दुसऱ्याचे पाय आहेत. मॅटवरचा एक तरी सराव पाहिल्याशिवाय मत देऊ नये. मॅट कपाटात कुलूपबंद असेल आणि किल्ली रजेवर गेलेल्या शिपायाकडे असेल, तर मत देण्यास हरकत नाही. दुसरा उपायच नाही.

समन्वयाची चाचणी मैदानाबाहेरही घेता येते, आणि त्यासाठी वर्ध्यासारखे शहर नाही. आपल्याकडे वर्धा आणि सेवाग्राम अशी दोन रेल्वे स्थानके आहेत. संघाला नागपूरला जायचे असेल तेव्हा फक्त ‘सकाळी स्टेशनवर या’ एवढाच निरोप द्यावा. कोपरे वर्ध्याला आणि मधले सेवाग्रामला पोहोचले, तर त्या साखळीचे काय होणार हे सांगायला तज्ज्ञ लागत नाही. मधले दोघे एकाच ठिकाणी पोहोचले, मग ते चुकीचे स्टेशन का असेना, तर जोडी पक्की आहे असे समजावे.

वादात अडकल्यास एक वाक्य पाठ असू द्यावे: १९३६ च्या बर्लिन ऑलिम्पिकच्या वेळी आपल्या शेजारच्या अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाने तिथे कबड्डी दाखवली होती. साखळीशी याचा काही संबंध नाही. पण समोरचा गप्प होतो, तेवढ्यात चहा येतो.

सात जणांची साखळी कोणाचीही चांगली दिसते. खरी पारख तीन उरल्यावर. तिघे किंवा कमी असताना पकड केली तर जादा गुण मिळतो, म्हणून सरावात प्रशिक्षक मुद्दाम तिघांनाच उभे करतात. हा भाग बहुतेक पारखी चुकवतात, कारण तो शेवटी असतो आणि तोवर आभाळ भरून येते. त्या तिघांत एक तरी मध्यरक्षक आहे का, आणि असला तर बोलतो का, हे पाहावे. चांगला मध्यरक्षक बोलत राहतो: ‘सोड’, ‘मागे’, ‘तिसरी चढाई हाये, येऊ दे त्याले’. तिसरी चढाई म्हणजे आधीच्या दोन रिकाम्या गेल्या आणि आता गुण नाही आणला तर चढाईपटू बाद. अशा वेळी घाई चढाईपटूला असते, साखळीने फक्त जागा सांभाळायची. मुका मध्यरक्षक कितीही ताकदवान असला तरी तिघांत निरुपयोगी.

मुलींच्या संघाची पारख करायला टपरीवरून कोणी जात नाही. त्यामुळे मुलींचा सराव शांततेत, वेळेवर आणि बराच चांगला होतो. या विभागाबद्दल मार्गदर्शन देऊन त्यात बिघाड करण्याची आमची इच्छा नाही.

अंदाज सांगण्यापूर्वी दोन गोष्टी तपासाव्यात. पहिली, पोलीस भरती. जाहिरात निघाली की साखळीतली निम्मी मुले १६०० मीटर धावण्यासाठी वजन उतरवू लागतात आणि संध्याकाळी सरावाऐवजी गोळाफेक करताना दिसतात. गोळ्याने खांदा सुधारतो, पण उतरलेल्या वजनाने मध्यरक्षकाची धडक पोकळ होते. ऑगस्टमध्ये पाहिलेला भक्कम मध्य ऑक्टोबरमध्ये शिडशिडीत धावपटू झालेला असतो, आणि त्याला दोष देता येत नाही. नोकरी म्हणजे नोकरी. दुसरी, सोयाबीन. सोंगणी सुरू झाली की समुद्रपूर-हिंगणघाटकडची पोरे रविवारी येत नाहीत आणि सोमवारी आली तरी कंबर धरून येतात. विद्यापीठाची स्पर्धा आणि सोंगणी एकाच आठवड्यात आली, तर प्रतिस्पर्ध्याचीही तीच अवस्था असते, एवढेच समाधान. २०११ मध्ये चंद्रपूर आणि गडचिरोली गोंडवाना विद्यापीठाकडे गेल्यापासून नागपूर विद्यापीठात आपल्यासमोर नागपूर, भंडारा, गोंदियाच राहिले. नागपूर शहरातल्या कॉलेजच्या मुलांना सोयाबीन सोंगायचे नसते, हा धोका वेगळा नोंदवावा.

आता निष्कर्ष जाहीर करणे. तो लेखी देऊ नये. ‘भाऊ, यंदा कसे हायेत पोट्टे?’ असे कोणी विचारले की घोटभर चहा घ्यावा आणि म्हणावे, ‘कोपरे ठीक हायेत. मंधात पाहा लागते.’ हे वाक्य कोणत्याही वर्षी, कोणत्याही संघाला लागू पडते, आणि ते बहुधा खरेही असते. संघ जिंकला तर मध्य सुधारला, हरला तर तुम्ही आधीच सांगितले होते.

अडचण एकच. एखादा खोडसाळ माणूस विचारतो, ‘मंधात कोन खेळते?’ अशा वेळी नावे माहीत नसल्यास गावे सांगावीत: एक देवळीचा, एक सेलूचा. गावेही माहीत नसतील तर एकाला उंच आणि दुसऱ्याला बुटका म्हणावे. दोघेही सारख्याच उंचीचे असतील तर चहाचे पैसे द्यावेत, मैदानात जावे आणि त्यांनाच विचारावे. अंधार पडेपर्यंत ते तिथेच असतात.