विटेच्या घराचे एलिव्हेशन

जुन्या विटेच्या घराचा दर्शनी भाग नवा करण्याचे काम यवतमाळ जिल्ह्यात साधारणपणे दोन कारणांनी निघते : घरात लग्न ठरणे आणि शेजाऱ्याने आधी करणे. भिंतीला तडा जाणे, पोपडे पडणे ही कारणे दुय्यम असून ती दहा-दहा वर्षे थांबू शकतात. घर पाहावे बांधून आणि लग्न पाहावे करून, या म्हणीत ही दोन संकटे वेगवेगळी मोजली आहेत. महागाव तालुक्यातील फुलसावंगीसारख्या मोठ्या गावात ती एकाच उन्हाळ्यात उरकली जातात. कापूस-सोयाबीनचा पैसा हिवाळ्यात हाती येतो, लग्नाची तारीख एप्रिल-मेची निघते, आणि मिस्त्री त्याच्या मर्जीने उगवतो. त्यामुळे ज्या कामाला सर्वांत जास्त पाणी लागते ते काम पारा 43 अंशांवर आणि विहिरी तळाला गेलेल्या असताना सुरू होते.

अशा घराची रचना ओळखीची असते. समोर ओटा, मग लाकडी खांबांची सपरी, वर कवेलू किंवा कवेलू काढून टाकलेले टिन, आणि दीड-दीड फूट जाडीच्या भिंती. विटा गावभट्टीच्या. भट्टीच्या पोटात भाजलेली वीट लाल आणि वाजवली तर टणटणणारी, कडेची पिवळट आणि नखाने खरवडली जाणारी. बांधणाऱ्याने दोन्ही सारख्याच भक्तिभावाने लावलेल्या असतात. सांध्यांत चुना असला तर घर बड्या आसामीच्या तोऱ्याचे, माती असली तर सर्वसामान्यांचे. सपरीच्या कोपऱ्यातली एखादी वीट जवळून पाहिली तर तिच्यावर कुत्र्याचा पंजा उमटलेला सापडतो. कच्ची वीट उन्हात वाळत घातलेली असताना तो त्यावरून गेलेला असतो. बांधकामावरची ती एकमेव सही, आणि प्लास्टरची पहिली थापी नेमकी तिच्यावरच पडते.

या घरांचे आजार दोन. पहिला जमिनीचा. काळी कसदार माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात आक्रसते. कपाशीला ती मानवते, पायाला मानवत नाही. खिडकीच्या कोपऱ्यापासून तिरपा निघालेला तडा हा तिचाच. तो मे महिन्यात रुंदावतो, ऑगस्टमध्ये मिटतो, म्हणून पावसाळ्यात घर पाहायला आलेल्या पाहुण्याला घरमालक 'काही नाही, जुनाच आहे' असे खरेच सांगू शकतो. दुसरा आजार लोणा. जुन्या पायात ओल अडवणारा थर नसतो. जमिनीतले पाणी विटेच्या बारीक छिद्रांतून वर चढते, येताना क्षार घेऊन येते, पृष्ठभागावर येऊन उडून जाते आणि क्षार मागे ठेवते. त्या क्षारांचे स्फटिक वाढले की ते विटेचा पापुद्रा आणि वरचा रंग ढकलून देतात. भिंतीला टेकून बसणाऱ्याच्या सदऱ्यावर जी पांढरी पूड येते ती हीच.

यावरचा शास्त्रशुद्ध उपाय स्वस्त आणि कंटाळवाणा आहे. सांध्यांतला भुसभुशीत माल अर्धा-पाऊण इंच खोल खरवडून काढायचा, ब्रशने धूळ झाडायची, भिंत भिजवायची आणि चुन्याच्या मालाने दर्जा भरायच्या. चुना विटेइतकाच मऊ आणि सच्छिद्र असतो. ओल त्यातून बाहेर पडते, भिंत थोडी हलली तरी तो तिच्याबरोबर हलतो. अडचण एवढीच, की चुना मळणारी बैलाची घाणी आता कुठल्या गावात उरलेली नाही, आणि महिनाभर खपून घर होते तसेच दिसणार असेल तर शेजाऱ्याला काय दाखवायचे?

म्हणून मिस्त्री भिंतीवर दोन टिचक्या मारतो, कान लावतो, आणि दम्यापासून लोण्यापर्यंत लागू पडावे असे निदान सांगतो : सिमेंट मारून टाकू. सिमेंटचे प्लास्टर कडक आणि कमी सच्छिद्र असते. त्यामुळे आतली ओल कोंडली जाते, ती वाट शोधत वर चढते, आणि पूर्वी गुडघ्याएवढा असलेला लोणा कमरेला लागतो. काळी माती नेहमीप्रमाणे हलते, प्लास्टर हलायला तयार नसते, आणि तडा पूर्वीच्याच जागी, फक्त नव्या रंगातून, प्रकट होतो. तोपर्यंत दोन पावसाळे गेलेले असतात आणि मिस्त्री उमरखेडकडे दुसऱ्या कामावर असतो.

प्लास्टरला रेती लागते. विदर्भ आणि मराठवाड्याची सीमा आखणारी पैनगंगा जवळ असूनही रेती हा सोन्याखालोखाल चर्चेचा विषय आहे. ती कधी आली, कुठून आली, हे विचारण्याचा शिष्टाचार नाही. बाहेरचे प्लास्टर दोन हातांत, साधारण 20 मिलिमीटर, आणि त्यावर किमान सात दिवस पाणी मारायचे असते. ही जबाबदारी घरातल्या ज्या मुलाने बारावीची परीक्षा नुकतीच दिली आहे त्याच्याकडे जाते. तो दुसऱ्या दिवसापर्यंत पाणी मारतो.

मग रंग. पूर्वी पोळा-दिवाळीला चुन्यात नीळ कालवून हात फिरवला की काम भागत असे. पुढे डबे आले. आर. के. लक्ष्मण यांनी 1954 मध्ये एशियन पेंट्ससाठी काढलेला गट्टू हातात ब्रश घेऊन देशभर पोचला. शेड निवडण्याच्या भानगडीत मात्र तो कधी पडला नाही. गावात भगवा, निळा आणि हिरवा हे रंग भिंतीवर गेले की ते रंग राहत नाहीत, निवडणुकीतील भूमिका होतात. सावध घरमालक त्यामुळे पिस्त्यावर थांबतो. त्याहून सावध घरमालक रस्त्याकडची भिंत बियाण्याच्या किंवा सिमेंटच्या जाहिरातीला देतो, आणि भिंत फुकटात पिवळीधमक होते. तीन एकरवाल्याच्या घरावर क्विंटलांचे विक्रमी आकडे झळकतात ते यामुळे.

खरे एलिव्हेशन त्यानंतर. स्टीलचे रेलिंग, गेटवर दोन सिंह, पायथ्याला लोण्यावर हमखास इलाज म्हणून टाइल. या टाइलांमध्ये सध्या सर्वांत खपणारा नमुना विटेचा आहे. विटेची भिंत, तिच्यावर प्लास्टर, त्यावर पुट्टी, त्यावर विटेचे चित्र. केरळात स्थायिक झालेले वास्तुशिल्पी लॉरी बेकर (1917-2007) उघड्या, बिनप्लास्टरच्या विटांची घरे बांधत. प्लास्टर वाचले की खर्च वाचतो, असा त्यांचा सरळ हिशेब होता. त्यांच्या विटा पाहायला लांबून लोक जात. तशा विटा इथे पदरच्या पैशांनी झाकल्या जातात आणि मग पुन्हा विकत घेतल्या जातात, चौरस फुटाच्या भावाने. नव्या विटेवर कुत्र्याचा पंजा मात्र नसतो; तो नमुना अजून कुणी छापलेला नाही.

बाजूच्या आणि मागच्या भिंती या प्रकरणात येत नाहीत. एका बाजूला शेजाऱ्याची भिंत असते, मागे गोठा असतो, आणि फोटो समोरूनच काढायचा असतो. काम संपले की काळी बाहुली टांगायची आणि 'मातोश्री' किंवा 'आई-वडिलांची पुण्याई' ही पाटी लावायची. पाटी ग्रॅनाइटची असते, आणि आई-वडील बहुधा अजून कवेलूच्या मागल्या खोलीत राहत असतात.

शेवटची नोंद ग्रामपंचायतीची. घरपट्टीच्या आकारणीत, म्हणजे नमुना आठच्या उताऱ्यात, घर दगड-विटा-मातीचे की सिमेंटचे पक्के हे पाहिले जाते आणि वयानुसार घसाराही मिळतो. आकारणीच्या दिवशी, सव्वा लाख घालून घर नवेकोरे केलेला मालक ग्रामसेवकाला हाताला धरून मागच्या बाजूला नेतो, पोपडे दाखवतो आणि शपथेवर सांगतो की साहेब, घर आजोबांच्या वेळचे आहे, आत सगळी मातीच आहे.