बिनआवाजाचा राखणदार

छत्रपती संभाजीनगरात पैठण गेटला कॅमेरे विकणाऱ्या दुकानात गिऱ्हाईक शिरलं की एकच विचारतं, "मोबाईलवर दिसेल ना?" कुणी दारात आलं की बोंब ठोकणारा सेन्सरही तिथे टांगलेला असतो, कॅमेऱ्यापेक्षा स्वस्त. तो कुणाला नको. "मांजर गेलं तरी ठणाणा करतो, गल्लीवाले शिव्या देतात." थोडक्यात, राखणदार हवा, पण मुका हवा.

मुक्या राखणदारांना या शहरात तोटा नाही. स्मार्ट सिटीचेच कॅमेरे 700च्या आसपास, शिवाय दुकानांचे, बंगल्यांचे, सोसायट्यांचे वेगळे. जुलै 2024 मध्ये उल्कानगरीत बिबट्या आला, तेव्हा तो कॅमेऱ्यात दिसला. मग प्रोझोन मॉलकडच्या कॅमेऱ्यात दिसला. मग हर्सूलपासून वाळूजपर्यंत प्रत्येकाच्या मोबाईलमध्ये दिसला. नगरसेवकपदाच्या इच्छुकांना इतकी वर्षं बॅनर लावून जी प्रसिद्धी मिळाली नाही, ती त्याने दोन दिवसांत कमावली. वनखात्याने पिंजरे लावले, पथकं फिरवली. पिंजऱ्यात तेवढा तो दिसला नाही. कॅमेऱ्याचा हाच तर गुण आपल्याला आवडतो. तो काही करायला सांगत नाही. घडून गेलेलं दाखवतो, आपण फॉरवर्ड करतो, दोघांची ड्यूटी संपते.

खिशातला फोन मात्र बोंबलणाऱ्या जातीचा आहे, हे फार थोड्यांच्या गावी असतं. फोन आडवा केला की चित्र आडवं करणारा ॲक्सेलरोमीटर जमिनीचा हादराही ओळखतो. चार्जिंगला लावून निपचित पडलेला फोन हादरा बसला की सर्व्हरला कळवतो. एका भागातले पुष्कळ फोन एकदम तीच तक्रार करू लागले की सर्व्हर ताडतो, हा भूकंप, आणि लांबच्या लोकांना इशारा धाडतो. गूगलने ही सोय भारतात आणली 27 सप्टेंबर 2023 ला. किल्लारीच्या भूकंपाला तीस वर्षं पुरी व्हायला तीन दिवस उरले होते. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे 3 वाजून 56 मिनिटांनी जे झालं, ते मराठवाड्यात कुणाला सांगावं लागत नाही.

केंद्रालगतच्या गावांना या इशाऱ्याचा उपयोग जवळपास शून्य. फायदा लांबच्यांचा, म्हणजे आपला. 10 जुलै 2024 ला सकाळी सव्वासातच्या सुमारास हिंगोलीकडे 4.5 चा धक्का बसला. समजा, उद्या तिथेच याहून दांडगा बसला. हिंगोली इथून दोनेकशे किलोमीटर. जोरात हलवणारी लाट सेकंदाला साडेतीनेक किलोमीटर कापते, इशारा इंटरनेटवरून येतो. हादरा ओळखण्यात काही सेकंद गेले तरी हिशेबाने पाऊण मिनिट हाताशी. तेवढ्यात टेबलाखाली शिरून डोकं झाकता येतं. आपण "तुमच्याकडं हललं का?" असं ग्रुपवर टाकू आणि उत्तराची वाट बघत पंख्याखाली बसू.

(फोन चार्जिंगला हवा ही अट कॅलिफोर्नियात बसून घातलेली दिसते. आमच्याकडे फोन चार्जरला असतो. चार्जरला वीज असेलच, याची हमी कोण देणार?)

यंत्रही काही धुतल्या तांदळाचं नाही. फेब्रुवारी 2023 मध्ये तुर्कस्तानात 7.8 चा भूकंप झाला, तेव्हा या यंत्रणेने तो फारच लहान धरला. एक कोटी लोकांना जोराचा इशारा जाऊ शकला असता, पहिल्या धक्क्याला गेला फक्त 469 जणांना. हे गूगलनेच पुढे कबूल केलं. पण आपले लोक सेटिंग्जमध्ये जाऊन इशारे बंद करतात ते तुर्कस्तानामुळे नव्हे. कान किटतात म्हणून.

20 जुलै 2023 ची सकाळ आठवा. साडेदहाच्या सुमारास राज्यभर फोन किंचाळले. दूरसंचार विभाग आपत्तीच्या इशाऱ्याची चाचणी घेत होता. कुणाला वाटलं हॅक झाला, कुणाला वाटलं पैसे गेले. आणि लगेच पुढचा प्रश्न, हे बंद कसं करायचं? आदल्याच रात्री रायगडात इर्शाळवाडीवर दरड कोसळली होती. तिथे आधी कुणाचाही फोन किंचाळला नव्हता.

घरातही तेच. गॅसगळती ओळखणारी डबी ऑनलाइन मिळते, इंजिनिअरिंगची पोरं प्रोजेक्ट म्हणून दर वर्षी नव्याने बनवतात. बऱ्याच घरांत ती छताजवळ ठोकलेली असते, दिसायला बरी म्हणून. सिलिंडरचा गॅस हवेपेक्षा जड, तो फरशीवर पसरतो. म्हणजे डबीपर्यंत वास पोहोचेतो घरच्यांना केव्हाच आलेला असतो. खाली ओट्याच्या पायाशी लावली, तर स्वस्तातली डबी धुराला आणि अगरबत्तीलाही ओरडते. सुक्या मिरचीच्या फोडणीला दोनदा ओरडली की तिचा प्लग निघतो आणि तिथे मिक्सर लागतो.

सिल्लोड-कन्नडच्या मक्यात मात्र आवाजालाच भाव आहे. लग्नकार्यात, प्रचारात वाजणारा भोंगा तिथे बॅटरीला जोडून बांधावर टांगतात. पेनड्राइव्हमध्ये धन्याच्या आवाजातलं "हुर्रर्र, हाट् हाट्", कुत्र्यांचं भुंकणं, मध्येच फटाके. रात्रभर हेच. रानडुकरं पहिल्या दिवशी धूम ठोकतात. आठवडाभरात त्यांना कळतं की भोंग्यामागे माणूस नाही, मग ती भोंग्याखालीच कणसं फोडत बसतात. आवाज म्यूट करायला डुकराला सेटिंग्जमध्ये जावं लागत नाही. मग शेतकरी पेनड्राइव्ह बदलतो, भोंगा दुसऱ्या टोकाला नेऊन बांधतो, आणि रात्री दोन वाजता स्वतः उठून, बॅटरी मारत, शिव्या घालत शेताला एक चक्कर टाकून येतो.